लाखाचं लहान गाव

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं एक गाव आहे. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या भरली एक. एल्सी आयलर नावाच्या आजीबाई. त्यांचे यजमान रूडी २००४ साली गेले आणि गावात आजी एकट्या उरल्या. पण गाव सरकारदरबारी नोंदलेलं, त्यामुळे कारभार रीतसर चालू राहिला. महापौर आजी, कारकून आजी, खजिनदार आजी. गावात हॉटेल एकच, तेही आजींचं. तिथं दारू विकायची तर आजींनी आजींकडे अर्ज करायचा आणि आजींनी तो मंजूर करायचा. पट्टी आजी बसवणार, आजीच भरणार. यजमानांच्या नावानं पाचेक हजार पुस्तकांचं वाचनालय आहे. ग्रंथपाल कोण, हे सांगायला नको.

ही हकिकत मी आमच्या खामगावात ज्याला ज्याला सांगितली त्यानं आधी आ वासला आणि मग एकच प्रश्न विचारला, "मंग थे बुढी भांडते कोनासंग?"

प्रश्न रास्त आहे. गाव म्हटलं की दोन पार्ट्या हव्यात, एक जुना बांधाचा वाद हवा आणि दहा वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ हवेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी तर वेगळ्याच काळजीत पडले. "अर्ज करनारा अन् मंजूर करनारा एकच? मंग त्रुटी कोन काढनार? फाइल कुठी थांबतच नाई म्हना की!" अशानं तो देश फार दिवस टिकणार नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं.

खरी गंमत पुढं आहे. २०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या निघाली दोन. आजी बुचकळ्यात. गावात दुसरं कोणी असतं तर त्यांना कळलं नसतं का? मग खुलासा झाला. एवढ्याशा गावाचे आकडे जसेच्या तसे छापले तर माणसाची खासगी माहिती उघडी पडते, म्हणून तिथलं जनगणना खातं आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करतं. म्हणजे एका म्हातारीची माहिती गुप्त राहावी यासाठी अमेरिकेच्या सरकारनं तिला एक काल्पनिक शेजारी बहाल केला. आमच्या खामगावात शेजारी खरेखुरे आहेत आणि गुप्त काहीच नाही. मागं एकदा मी रक्त तपासायला दिलं. साखर वाढल्याचं तपासणीवाल्यानं मला संध्याकाळी सांगितलं. आमच्या चहावाल्यानं दुपारीच माझ्यापुढं बिनसाखरेचा कप ठेवला होता.

हा सगळा विषय डोक्यात घुसायचं कारण माझा भाचा. तो डॉक्टर आहे आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या आठशे-एक वस्तीच्या गावात नोकरी करतो. अमेरिकेत डॉक्टर म्हटल्यावर आमच्या बहिणीनं उंच इमारती, मोठा पूल, झालंच तर समुद्र अशी चित्रं मनात रंगवली होती. पण तिथला कायदा असा, की शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरनं शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. ते नको असेल तर जिथं डॉक्टर जायला तयार नसतात अशा ठिकाणी तीन वर्षं काम करायचं. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा मिळतात. आपल्याकडं एमबीबीएसच्या पोरांना ग्रामीण भागात एक वर्ष काढायला लावतात तेव्हा ती कशी तोंडं करतात, ते आठवा. तेच तोंड घेऊन आमचा भाचा विमानात बसला आणि दवाखान्यासमोर उतरला. समोर गहू. मागं गहू. मध्ये एक पाण्याची टाकी, तिच्यावर ठळक अक्षरांत गावाचं नाव, कारण तेवढं नाव वाचेपर्यंत गाव संपतं. चौकात एक सिग्नल. तोही लाल-हिरवा होत नाही, नुसता लुकलुकतो.

"मामा, इथं काहीच नाही," पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"चहाची टपरी?"

"नाही."

"पान?"

"नाही."

"मग लोक उभे कुठं राहतात?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला महिनाभरानं सापडलं. लोक पोस्टात उभे राहतात. तिथल्या कित्येक छोट्या गावांत पोस्टमन घरोघर फिरत नाही. ज्यानं त्यानं पोस्टात जायचं आणि आपल्या नंबरच्या पेटीतून आपलं टपाल काढायचं. त्यामुळे सकाळी सगळं गाव तिथं एकमेकांना भेटतं, आणि कोणाला कोर्टाचं पाकीट आलं, कोणाला बँकेचं, हे ज्याला त्याला दिसतं. दुसरी जागा म्हणजे नाश्त्याचं हॉटेल. पहाटे सहाला गावातले म्हातारे शेतकरी ठरलेल्या टेबलावर ठरलेल्या खुर्च्या अडवतात आणि एका कॉफीवर नऊ वाजवतात. पाऊस कसा नाही, डिझेल कसं महाग, सरकार कसं नालायक आणि नवी पिढी कशी वाया गेली, हे विषय त्याच क्रमानं होतात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, आमच्या बाजार समितीसमोर जो कंपू बसतो त्यातले तिकडं कधी गेले?"

तिथली एक पद्धत मात्र मला फार आवडली. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त एक बोट वर करायचं. ओळख असो नसो. झाला रामराम. खामगावात हे बसणार नाही. एवढ्या काटकसरीनं आमच्याकडं कोणी कोणाला भेटत नाही. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की भर रस्त्यात थांबतात, इंजिनं चालू, आणि तिथंच मुलीच्या स्थळापासून सोयाबीनच्या ओलाव्यापर्यंत सगळं निघतं. मागं रांग लागते. मागचे भोंगा वाजवतात असं वाटेल तुम्हाला. ते वाजवतातही, पण मग पाहतात की दोघंही ओळखीचेच आहेत, आणि उतरून संभाषणात सामील होतात.

आता कोणी म्हणेल की आठशेच्या गावाशी खामगावची बरोबरी कशाला? २०११ च्या जनगणनेत खामगाव ९४ हजारांवर होतं, म्हणजे आज लाख धरा. जिल्ह्यात सगळ्यात मोठं आम्हीच. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बुलढाणा तेव्हा ६७ हजारांचं. पण ते घाटावर, आम्ही घाटाखाली. साहेब लोकांना थंड हवा मानवते म्हणून कचेऱ्या वर गेल्या आणि ४४-४५ अंशांचा उन्हाळा खाली राहिला, असा आमचा समज आहे आणि तो आम्ही कोणाला दुरुस्त करू देत नाही. खामगाव जिल्हा व्हावा ही मागणी जुनीच आहे. दर निवडणुकीला ती नव्यानं निघते, ऊन दाखवून परत घडी घालून ठेवली जाते. शिवाय आमच्याकडं हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. मुंबईचा माणूस सकाळी ज्यानं अंग घासतो तो साबण कदाचित आमच्या गावचा असतो, आणि तोच माणूस आम्हाला विचारतो, "खामगाव? हे नक्की कुठं आलं?"

तर गाव लाखाचं. पण वागतं आठशेचंच. याचं गणित मी बराच काळ लावत होतो. प्रत्येक खामगावकराच्या डोक्यात त्याचं स्वतःचं तीन-चारशे माणसांचं एक खामगाव असतं. गल्ली, शाळेतली बॅच, जातभाई, देणेकरी, घेणेकरी, बायकोच्या माहेरचे आणि ज्यांच्याकडून प्लॉट घेतला ते. अशी शेकडो गावं एकावर एक पडलेली आहेत आणि दर दोन गावांत एखादा तरी मावसभाऊ सामाईक आहे. त्यामुळे अनोळखी माणूस इथं फार वेळ अनोळखी राहू शकत नाही. बाकड्यावर कोणी नवा बसला की चौकशी सुरू होते.

"कोन्या गावचे?"

"नांदुऱ्याचा."

"नांदुऱ्यात कोनाचे?"

तो आडनाव सांगतो.

"हां हां, म्हनजे थे जिनिंगवाले का? त्याईचा एक भाऊ मलकापूरले दिला होता न?"

माणूस दत्तक दिला होता की घरजावई म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही, पण नवा माणूस मान डोलावतो. चौथ्या प्रश्नाला नातं निघतं, पाचव्याला चहा येतो. क्वचित पाचव्या प्रश्नाला जुनी उधारीही निघते. मग चहाचे पैसे तो देतो.

त्यात आमचं गाव म्हणजे रजतनगरी. इथली चांदी लांबलांबून लोक येऊन नेतात. खामगावची चांदी म्हटली की शुद्धतेला प्रश्न विचारायचा नाही, असा लौकिक आहे. पण चांदीच्या गावात राहण्याचा एक तोटा आहे. कोणी कोणाच्या लग्नात किती भाराचा तांब्या दिला, हे सराफाच्या पेढीवर बसलेल्या इतर गिऱ्हाइकांना माहीत असतं. आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलाच्या आत्यानं ताट दिलं. ताट मांडवात पोचायच्या आधी त्याचं वजन पोचलं होतं, आणि त्या वजनावरून मांडवात दोन तट पडले होते. अमेरिकेत म्हणे आहेराबरोबर पावती देतात, वस्तू पसंत नसली तर बदलून घ्यावी म्हणून. आम्हाला पावतीची गरज पडत नाही. आमच्याकडं साक्षीदार असतात.

पण अमेरिकेकडं आम्ही पहिल्यांदा भाच्यामुळे पाहिलं असं मात्र नाही. खामगावचं नशीब अमेरिकेनं दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेतलं होतं, तेही आम्हाला न विचारता. १८६१ साली तिकडं उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी पेटली. मँचेस्टरच्या गिरण्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या. बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापूस यायचा थांबला. तेव्हा साहेबाला एकदम वऱ्हाड आठवला, जो निजामाकडून त्यानं १८५३ मध्येच ताब्यात घेऊन ठेवला होता. कापसाचे भाव असे चढले की जुने लोक म्हणे हिशेब बोटांवर करायचे सोडून भिंतीवर करू लागले. खामगावची कापसाची पेठ देशात गाजू लागली. सरकारनं हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. त्याला काम एकच, आमच्या काळ्या मातीतून मँचेस्टरला लागणारा धागा काढणे. मग ठरलं की एवढ्या मोठ्या पेठेला रेल्वे पाहिजे. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. साल १८७०.

आता तारखा जुळवून पाहा. अमेरिकेतली लढाई संपली १८६५ ला. भाव पडले तेही तेव्हाच. रेल्वे आली १८७० ला. माल विकून झाल्यावर पाच वर्षांनी गाडी हजर! हे असं होण्यात कोणाचीच चूक नसते, हे आम्ही तेव्हा शिकलो आणि आजवर विसरलेलो नाही. हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडतं, या दोन गोष्टींमधल्या अंतराला आम्ही त्यामुळेच हसून घेतो.

तो फाटा अजून आहे. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. जलंबला जायचं आणि परत यायचं. खामगावच्या पुढं रूळ नाहीत. पुढं जालन्यापर्यंत न्यावेत, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनी निवेदन दिलं, बापानं मोर्चा काढला, नातू आता मोबाइलवर सही मोहीम चालवतो. मधूनमधून सर्वेक्षण होतं. सर्वेक्षणाचे खांब रोवले गेले की आमच्याकडं शेताचे भाव वाढतात, त्यामुळे रेल्वे आली नाही तरी अगदीच कोरडं जात नाही. ठेसनावर उतरलेल्या पाहुण्याला "पुढं कुठं जाते गाडी?" असं विचारायची सोय नाही. सगळ्यांनाच उतरावं लागतं. गावाच्या वाढीचं हे एक कारण असावं असा माझा कयास आहे.

अमेरिकेनं त्यानंतरही आमचा पिच्छा सोडला नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातला बोंडअळीवरचा तो करामती जनुक मोन्सँटोचा, म्हणजे सेंट लुईसचा, म्हणजे भाच्याच्या कॅन्ससला लागून असलेल्या मिसुरी राज्यातला. आधी त्यांचा कापूस बंद पडला म्हणून आमचा विकला गेला. आता आमच्या कापसात त्यांचं बी. आणि सोयाबीनचं तर विचारूच नका. आमच्या बाजार समितीत हंगामात सोयाबीनचे ढीग पडतात. हर्रास सुरू होतो, व्यापारी ढिगात हात घालून मूठभर दाणे काढतो, दाताखाली एक चावतो, तोंड वाकडं करतो. तोंड वाकडं करणं हा भावाचा भाग आहे, दाण्याचा त्यात दोष नसतो. शेतकऱ्यानं विचारलं, "भाऊ, कालच्यापेक्षा कमी काहून?" तर उत्तर ठरलेलं: "शिकागो पडलं."

शिकागो म्हणजे तिथला वायदेबाजार. सोयाबीनचा जगातला भाव तिथं हलतो आणि त्याचे हादरे आमच्या ढिगापर्यंत येतात. ज्या माणसानं आयुष्यात अकोल्याच्या पलीकडं पाऊल टाकलं नाही, तो सकाळी उठून शिकागोची चौकशी करतो. मजा अशी, की भाच्याच्या गावातले ते सहाच्या कॉफीचे म्हातारेही हेच करतात. त्यांचाही माल धान्याच्या उंच पांढऱ्या कोठारात पडून असतो आणि कोठारवाला त्यांना हेच सांगतो, शिकागो पडलं. भाच्यानं एकदा त्यातल्या एकाला सांगितलं, की माझा मामाही तुमच्यासारखा शिकागोला शिव्या देतो. म्हातारा खुर्चीतून उठला आणि त्यानं भाच्याशी हात मिळवला. तोवर भाचा तिथं फक्त डॉक्टर होता. त्या दिवसापासून त्याला त्या टेबलावर खुर्ची मिळाली.

त्या टेबलावरच ज्वारीचा विषय निघाला. कॅन्सस हे अमेरिकेतलं ज्वारी पिकवण्यात पहिलं राज्य, हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. भाचा एकदा गाडीनं चालला होता तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कणसं. बुटकी, तांबूस, कमरेएवढी, पण ज्वारीच. त्याचे डोळे भरून आले. त्यानं शेतकऱ्याला विचारलं, हुरडा करता का? हुरडा म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. शेतकऱ्याला एवढंच कळलं की डॉक्टरला पीक कच्चं असताना जाळायचं आहे. मग भाच्यानं विचारलं, तुम्ही या ज्वारीचं करता काय? तर म्हणे बरीचशी जनावरांना घालतो आणि उरलेल्यातून मोटारीत घालायचं इथेनॉल काढतो.

हे मी आमच्या आईला सांगितलं. ती चुलीपुढं भाकर थापत होती. तिनं हात थांबवला.

"गाडी भाकर खाते?"

"नाही, तेल काढतात."

"अन् मानसं काय खातात?"

मी म्हटलं, पाव. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तव्यावरची भाकर उलटताना म्हणाली, "तरीच पोरगं वाळलं."

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पॉटलकचं सांगतो. तिथं चर्चच्या तळघरात महिन्याला एकदा सगळं गाव जेवायला जमतं आणि प्रत्येक घर एक पदार्थ करून आणतं. महाप्रसादात आणि यात फरक एवढाच, की आमच्याकडं एकच आचारी पाच हजारांना एकाच चवीचं वांग्याचं भरीत घालतो आणि कोणी नाव ठेवायचं नाही, कारण प्रसाद. तिथं चाळीस भांड्यांवर चाळीस बायकांची इभ्रत लागलेली, आणि कोणाचं भांडं भरलेलं परत गेलं यावर पुढचा महिना निघतो. भाच्यानं पातोडीचा रस्सा नेला. बेसनाच्या वड्या, तिखट तर्री, वर कोथिंबीर. चर्चमधल्या मावशांना त्या वड्या पास्त्यासारख्या दिसल्या आणि त्यांनी भरभरून वाढून घेतल्या. त्यानंतर काही मिनिटं तळघरात प्रार्थनेसारखी शांतता होती. कोणी वाईट बोललं नाही. छोट्या गावात तोंडावर वाईट बोलत नाहीत, घरी जाऊन बोलतात. सोमवारी दवाखान्यात पित्ताचे पेशंट वाढले. भाच्यानं सगळ्यांना औषध दिलं आणि एकाही शब्दानं रश्श्याचा उल्लेख केला नाही. पुढच्या पॉटलकच्या आधी मात्र गावातल्या तीन जणी दवाखान्यात येऊन हळूच विचारून गेल्या, की ते लाल पुन्हा आणणार का?

शुक्रवारी संध्याकाळी तिथं शाळेचा फुटबॉल असतो. मुलं कमी पडतात म्हणून आसपासच्या तीन गावांनी मिळून एक शाळा केली आहे आणि तिच्या नावात तिन्ही गावांच्या नावांचे तुकडे जोडले आहेत. सामन्याच्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. दुकानाच्या काचेवर "सामन्याला गेलो" अशी पाटी. हे ऐकून मला एवढं आश्चर्य वाटलं नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा मुक्काम खामगावी करते आणि दुसऱ्या दिवशी शेगावला निघते. त्या सोळा-सतरा किलोमीटरमध्ये आमचं अख्खं गाव पालखीमागं चालायला लागतं. वर्षभर दुकानापर्यंतही गाडीशिवाय न जाणारा माणूस त्या दिवशी अनवाणी निघतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला चहा, पोहे, उसळ, केळी, ताक. नको म्हणायची सोय नाही. शेगावात पोचेपर्यंत चालून जेवढं वजन घटलेलं असतं त्याच्या दुप्पट आत गेलेलं असतं, आणि तिथं गेल्यावर कचोरी खावीच लागते, कारण शेगावला जाऊन कचोरी न खाणारा माणूस नक्की कुठं गेला होता, अशी शंका घरचे घेतात.

आणि आमची मोठी देवी. सगळ्या महाराष्ट्रात नवरात्र उरकतं, दसऱ्याचं सोनं लुटून होतं, मंडपवाले कनाती गुंडाळतात. मग कोजागिरीला आमची जगदंबा बसते. बाहेरून आलेली सून पहिल्या वर्षी गोंधळते. तिला वाटतं हे लोक कॅलेंडर पाहत नाहीत का? पाहतात. पण जगाचं झाल्यावर आमचं. त्यात फायदाही आहे. बाहेरगावी असलेली पोरं दसऱ्याला सुट्टी मिळत नाही अशी सबब सांगतात; त्यांना पाच दिवसांनी दुसरी संधी द्यायची सोय या उत्सवात आहे. दिवाळी जवळच असते, मग दोन्ही सबबी एकदमच संपतात.

पोरं मात्र जातातच. कॅन्ससच्या गावातून विचिटाला, कॅन्सस सिटीला, खामगावातून पुण्याला. रात्री ट्रॅव्हल्स सुटतात तेव्हा प्रत्येक गाडीखाली एक बाप, एक लोणच्याची बरणी आणि "पोचल्यावर फोन कर" असतं. पुण्यात त्यांना कोणी विचारलं, कुठले? तर ती खामगाव म्हणत नाहीत. आधी "विदर्भातले" म्हणतात. मग "अकोल्याकडचे". समोरच्याचा चेहरा तरीही कोरा राहिला तर "शेगाव माहीत आहे ना?" असं म्हणून त्याला घाटाखाली उतरवतात. भाचाही तिकडं असंच करतो. त्याच्या गावचं नाव अमेरिकेतल्या कोणालाच माहीत नसतं, म्हणून तो "विचिटापासून तीन तास" म्हणतो. दोन्ही गावांच्या पत्त्यात दुसऱ्याचंच नाव आधी येतं.

तिकडं पोरं गेली की गावं ओस पडतात आणि मग गावाला माणसं मिळवायला जाहिरात करावी लागते. वायोमिंगमधलं बुफोर्ड नावाचं एका माणसाचं गाव २०१२ साली चक्क लिलावात निघालं आणि एका व्हिएतनामी व्यापाऱ्यानं नऊ लाख डॉलरला ते घेतलं. हे वाचून आमच्या बाजार समितीतल्या एका अडत्यानं विचारलं, की हर्रासात गाव घेतलं तर आडत किती बसते? कॅन्ससमधल्या लिंकनसारख्या गावांनी तर घर बांधायला प्लॉट फुकट द्यायला सुरुवात केली. अट एवढीच, घर बांधा आणि राहा. आता भाच्याची तीन वर्षं संपत आली आहेत आणि डॉक्टर जाऊ नये म्हणून त्याच्या गावानंही हेच काढलं. कोपऱ्यावरचा प्लॉट, चर्चपासून जवळ, फुकट.

त्यानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी टपरीवर होतो आणि फोन स्पीकरवर होता. ही बातमी खामगावात किती वेगात पसरली असेल, याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल. संध्याकाळी घरी माणसं यायला लागली.

"एन ए आहे का?"

"सात-बारा कोनाच्या नावावर?"

"रस्त्याले लागून आहे म्हनता, मंग रस्ता रुंद झाला तं?"

"एकटा काहून घेते? दोन-चार संगच घ्या म्हना, अन् लेआउट टाका."

एक जण तर गुणाकार करूनच आले होते. फुकट गुणिले चार किती होतात, हा हिशेब त्यांना अडला होता, पण त्यात फायदा आहे याबद्दल त्यांची खात्री होती. शेवटी आमच्या शेजारच्या पाटलांनी, ज्यांचं तीस एकर आहे आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे, फोन हातात घेतला.

"डॉक्टर, जमीन कशी आहे?"

"काळी आहे काका. गहू, ज्वारी, सोयाबीन सगळं येतं."

"पानी?"

"बोअर आहेत. मोठमोठे."

"मजूर?"

"सगळं यंत्रावर."

पाटलांनी आमच्याकडं पाहून मान हलवली. सौदा जवळजवळ झाल्यातच जमा होता. मग त्यांनी आवाज खाली आणून शेवटचा प्रश्न टाकला.

"रोही आहेत का तिकडं? रानडुक्कर?"

"रोही नाहीत काका. हरणं आहेत. भरपूर. सोयाबीनचा कोवळा शेंडा खाऊन जातात. रात्री तर गाडीच्या आडवी येतात."

पाटलांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"नाई जमत," ते म्हणाले. "हे तं आपल्या इथंच आहे."